किंचाळीनंतरचा सॅक्सोफोन

किराणा दुकानात मी दह्याच्या डब्यांवरच्या तारखा बघत उभी होते आणि माझ्या डोक्यावर, छतातल्या स्पीकरमधून, लोईसमावशी किंचाळली.

आजूबाजूला कोणी दचकलं नाही. एका बाईने ट्रॉलीत बसवलेल्या बाळाला गुदगुल्या केल्या. भोपळ्यांचा ढीग रचणारा माणूस तालावर मान हलवत राहिला. किंचाळी संपते न संपते तोच सॅक्सोफोन आला आणि गाणं उड्या मारत पुढे निघालं. मी डबा हातात धरून तशीच उभी. बोटं गार पडली होती आणि दही परत ठेवल्यावरही ती गारच राहिली.

म्हणजे ऑक्टोबर लागला. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला, तो आधी कानांना कळतो. मेपलची पानं लाल व्हायला अजून अवकाश असतो, सायकलवर हातमोजे घालायची वेळ आलेली नसते, पण दुकानांतून, कॉफीवाल्यांकडून, शेजारच्या पोर्चवरून ते गाणं यायला लागतं. ‘डोन्ट गो डाउन, डार्लीन.’ साठच्या दशकातलं, रॉक अँड रोलच्या ठेक्यावरचं, महिनाअखेरीला इथे भुताखेतांचा सण असतो त्यातलं, गमतीचं भुताचं गाणं. या भागात वाढलेल्या माणसांना ते पाठ असतं, पण कधी पाठ केलं ते आठवत नाही. आपल्याकडे गणपतीत काही गाणी अशीच हवेतून येतात, तसं.

माझा लहानपणीचा ऑक्टोबर नागपूरचा. दिवसभर चटके देणारं ऊन, आणि दसऱ्याच्या सुमाराला सगळं शहर पांढरं. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया, पुस्तकांचे ठेले आणि वळणावळणावर लाउडस्पीकर. आमच्याकडे चंद्रपूरचे, वाशीमचे पाहुणे उतरायचे, अंगणात विटांच्या चुली पेटायच्या. ऑक्टोबर म्हणजे गाणी हे मला तेव्हापासून माहीत होतं. पण ती गाणी मान वर करायला लावणारी होती. स्वतःला घाबरवून घेण्यासाठी माणसं मुद्दाम गाणं लावतात, हे मी इथे आल्यावर पाहिलं.

मी सांगतेय ते माझ्या इथल्या पहिल्या ऑक्टोबरचं. युनिव्हर्सिटीतल्या एका लॅबमध्ये काम मिळून मी त्या उन्हाळ्यात आले होते. माझा नवरा प्रवीण जॉर्जियात, अल्फारेटाला नोकरी करायचा. आमचा संसार फोनवर चालला होता. राहायला मी लोईस नावाच्या बाईंच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. त्या ऐंशीच्या घरातल्या, एकट्या, पाठीने ताठ, पांढरे केस पोरासारखे बारीक कापलेले. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मला नुसतं लोईस म्हण.” एवढ्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, आमच्याकडे मावशी म्हणतात.

“म्हणजे काय?”

“आईची बहीण.”

“मला कधी बहीण नव्हती,” ती म्हणाली. “चालेल.” आणि त्या दिवसापासून ती माझी लोईसमावशी झाली, मी तिची ‘प्रॅग्ना’. प्रज्ञा तिला अजूनही जमलेलं नाही, पण प्रयत्न ती दर वेळी मनापासून करते.

घर लाकडी होतं. पायऱ्या, खिडक्या, भिंती, सगळं काही ना काही बोलत राहायचं. आणि घराच्या पोटात तळघर. जमिनीखाली खोली असते, तिला मातीचा वास असतो, वर आपण जेवत असतो तेव्हा खाली ती तशीच अंधारात बसलेली असते, हे मला पचायला फार दिवस लागले. कपडे धुवायचं मशीन नेमकं तिथेच.

“दिव्याचं बटण जिन्याच्या वरच्या टोकाला आहे,” मावशीने सांगितलं होतं. “मी स्वतः खाली जात नाही. तुला जायचं तेव्हा जा. फक्त दार उघडं ठेव. अर्धवट नाही, पूर्ण उघडं.”

माझ्या कपड्यांबरोबर मी तिचेही कपडे नेऊ लागले. दर वेळी शेवटच्या पायरीवर पाठीवरून काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं. बॉयलरमागे काळोख, दोरीवर कोणाचा तरी जुना रेनकोट, कोपऱ्यात जमिनीवर आडवी ठेवलेली लांबट काळी पेटी. ती पेटी गिटारची आहे हे कळलं, तरी तिच्याकडे पाठ करून उभं राहणं जमलं नाही.

प्रवीणला फोनवर सांगितलं तर तो हसायचा. “यार, तू हॉरर हाऊस रेंट केलंयस. लीज कॅन्सल कर आणि कॅम्पसजवळ अपार्टमेंट बघ.”

“घर चांगलं आहे रे. फक्त खालची खोली...”

“मग लाँड्री बाहेर कर. सिंपल.”

सिंपल होतं. पण भीती लाँड्रीची नव्हती हे त्याला सांगायला शब्द नव्हते. ते वर्षच तसं होतं. लॅबचा निधी थांबणार अशी कुजबुज चालायची, बरोबरीची माणसं आपापल्या व्हिसाबद्दल हळू आवाजात बोलायची, दारावर थाप पडली की आधी पडद्याच्या फटीतून बघायची सवय लागली होती. दिवसभर पोटात एक मूठ आवळलेली असायची. तळघर हे त्या मुठीला सापडलेलं एक ठिकाण होतं, एवढंच.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेजारच्यांनी पोर्चवर प्लास्टिकचा माणसाएवढा सांगाडा उभा केला. मला त्याची कल्पना नव्हती. दुपारची वेळ, मी ओट्याशी कांदा चिरत होते आणि बाहेरून एका मुलीची किंचाळी आली. अशी की सुरी माझ्या हातातून सुटली. ती नाटकातली किंचाळी नव्हती. नाटकातल्या किंचाळीला सुरुवात असते, माणूस श्वास घेतो, पवित्रा घेतो. ही श्वास न घेताच आली होती, जणू कोणी आतून बाहेर फेकली. आणि तिच्या शेपटीलाच जोडून एक सॅक्सोफोन खिदळायला लागला.

मी खिडकीत धावले. समोर सांगाडा हात हलवत नाचत होता. समोरून कोणी गेलं की आपोआप वाजायची सोय होती त्यात. एक खार कठड्यावर बसून त्याच्याकडे बघत होती.

कोणाला तरी बघावं म्हणून मी खाली गेले. मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. समोर सफरचंदं, अर्धवट सोललेलं एक. तिने दोन्ही तळवे टेबलावर घट्ट दाबून धरले होते, टेबल वर उडून जाईल की काय असे.

“दचकलीस?” तिने विचारलं.

“हो. केवढ्याने ओरडली ती. कोण आहे?”

“मी,” लोईसमावशी म्हणाली.

ती हकिकत तिने मला एका बैठकीत सांगितली नाही. त्या महिन्याभरात, सफरचंदं सोलताना, पोर्चवरची पानं कागदी पिशव्यांत भरताना, तुकड्यातुकड्यांनी सांगितली. मी ती इथे जोडून लिहितेय.

ती मूळची शेजारच्या इप्सिलँटी गावची. रे नावाचा मोठा भाऊ. तेव्हा गल्लोगल्ली पोरांचे बँड होते, कोणाच्या तरी मोटारीच्या गॅरेजात सराव चालायचा. टीव्हीवर शनिवारी भुताखेतांचे जुने सिनेमे लागायचे, पोरांना त्यांचं वेड. घाबरणं आणि नाचणं या दोन्ही गोष्टी आईबापांना आवडत नाहीत, मग त्या एकत्र केल्या तर, असा विचार रेने केला आणि गाणं लिहिलं. डार्लीनची आई तिला तळघरातून पीचची बरणी आणायला सांगते. खालून पावलांचा ठेका ऐकू येतो. खाली कोणीतरी नाचतंय. पोरं कोरसमध्ये बजावतात, डार्लीन, खाली जाऊ नको. ती जाते. विचारते, कोण आहे? आणि मग किंचाळी.

डेट्रॉइटला एका फर्निचरच्या दुकानामागे छोटा स्टुडिओ होता. त्याच्या मालकाने आवाजाला घुमारा आणायला दुकानाखालच्या सिमेंटच्या तळघराचा उपयोग केला होता. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. वर गायलेलं खाली घुमायचं आणि तो घुमलेला आवाज टेपवर जायचा. किंचाळायला एक गाणारी मुलगी आणली होती. तिने पुष्कळ वेळा किंचाळून पाहिलं. प्रत्येक वेळी पोरं हसली. ते खोटं वाटत होतं.

लोईस सोबत आली होती, कारण आईने रेला बजावलं होतं की बहिणीला घेऊन जायचं तरच गाडी मिळेल. ती कोपऱ्यात शाळेचा अभ्यास करत बसली होती. सोळाची असेल.

“रे म्हणाला, लोईस, जरा खाली जाऊन माइक धरतेस का, तो हलतोय. मी गेले. मला किती अभिमान वाटला सांगू, की मला काम दिलं.” सफरचंदाची साल तिच्या सुरीखालून न तुटता लांब होत होती. “मी खाली पोचले आणि वर कडी लागली. मग दिवा गेला. तसा अंधार मी आधी कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेत हे कळत नव्हतं. आणि मग कोणीतरी माझा घोटा धरला.”

तो त्यांचा ड्रमवाला होता. आधीच खाली जाऊन लपला होता.

“एका फटक्यात झालं,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा करावं लागलं नाही.”

गाणं त्या ऑक्टोबरात डेट्रॉइटच्या एका रेडिओवर लागलं आणि फोन सुरू झाले. पोरांना पुन्हा पुन्हा हवं होतं. आयांच्या तक्रारी आल्या की मुलं तळघरात जायला तयार नाहीत. गाडी चालवताना किंचाळी ऐकून लोक रस्त्याच्या कडेला थांबायला लागले तेव्हा एका स्टेशनने ते दिवसा लावणं बंद केलं, त्यामुळे ते आणखी चाललं. मग नोव्हेंबर आला आणि गाणं मेलं. पुढच्या ऑक्टोबरात परत उठलं. भुताच्या गाण्याचं हेच असतं, मावशी म्हणायची, ते दर वर्षी मरतं म्हणून दर वर्षी येतं. बँड मोडला, रे शाळेत संगीत शिकवायला लागला, ड्रमवाला दुसऱ्या गावी गेला, स्टुडिओ पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली. गाण्याला या कशाचा पत्ता नव्हता. ते आधी तबकडीवर होतं, मग कॅसेटवर, मग सीडीवर. मग त्यातली किंचाळीच वेगळी काढली कोणीतरी. शुभेच्छापत्र उघडलं की किंचाळी, दाराची घंटा दाबली की किंचाळी, सांगाड्यासमोरून खार गेली की किंचाळी. आता तर फोनवरच्या छोट्या व्हिडिओंत पोरं घसरून पडायची नाटकं करतात आणि त्यावर हा आवाज लावतात. त्यांना बिचाऱ्यांना माहीतही नाही की हा आवाज कोणाच्या तरी गळ्यातून आला होता.

“गावात मला डार्लीन म्हणायचे,” ती म्हणाली. “लग्नात, पार्ट्यांत, सगळे मागे लागायचे, लोईस, एकदा करून दाखव. मी कधी केलं नाही. त्यांना वाटायचं मी भाव खाते. प्रॅग्ना, मला येतच नव्हतं. मुलगी झाली तेव्हाही मी ओरडले नाही. नर्सने माझं कौतुक केलं. नवरा गेला तेव्हाही नाही. ते सगळं त्या टेपमध्येच राहिलं.”

मी विचारलं, “सॅक्सोफोन इतक्या घाईने का येतो? किंचाळी पुरती संपूही देत नाही.”

तिने सुरी खाली ठेवली. मला वाटलं, हे विचारायला नको होतं.

“कारण मी त्यानंतर हाका मारत होते,” ती म्हणाली. “रे, रे, रे. दार ठोकत होते आणि त्याला हाका मारत होते. ते कापलं त्यांनी. चांगले हेडफोन लावले तर पहिल्या हाकेची सुरुवात अजून ऐकू येते. ओठ उघडल्यासारखा एक आवाज. मग सॅक्स.”

पुष्कळ वर्षांनी रे आजारी पडून अंथरुणाला खिळला, तेव्हा तिने त्याला विचारलं होतं, तुला ऐकू आलं होतं का. तो म्हणाला, हो. सॅक्सवाल्याला तिथूनच सुरू कर असं मीच सांगितलं. तुझी हाक इतकी खरी होती की ती ठेवली असती तर कोणाला नाचता आलं नसतं.

“राग नाही आला?” मी विचारलं.

“पोरगाच होता तो. आणि ऐक, त्या दिवसानंतर त्याने मला कुठल्याही तळघरात पाऊल टाकू दिलं नाही. माझं लग्न झालं, हे घर घेतलं, तरी खालून काही आणायचं असलं की मी फोन करायचे आणि तो गावाच्या दुसऱ्या टोकाहून गाडी काढून यायचा. फ्यूज बदलायला, बरण्या आणायला, काहीही. एक शब्द बोलायचा नाही. यायचा, खाली जायचा, वर यायचा, कॉफी पिऊन जायचा. आजारी पडेपर्यंत.”

रे त्याच वर्षी वसंतात वारला होता. तळघरातली ती काळी पेटी त्याच्या गिटारची.

महिना सरत आला तसा पाऊस लागला. इथला ऑक्टोबरातला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, तो गार पाण्याने सगळं हळूहळू भिजवत राहतो. पानांनी गटारं तुंबली. रस्त्याच्या कडेने तपकिरी पाणी वाहत होतं. त्या दिवशी लॅबमध्ये मन लागेना म्हणून मी लवकर निघाले, बसने घरी आले आणि मागच्या जिन्याने थेट वर गेले. मावशीला माझी चाहूल लागली नसावी. मी चहा टाकला. दुपार कलली होती, पण ढगांमुळे संध्याकाळ झाल्यासारखी वाटत होती.

आणि किंचाळी आली.

मी हलले नाही. एव्हाना तो आवाज दिवसातून कितीदा तरी कानावर पडायचा. पावसात भिजून सांगाडा बिघडला होता, पाण्याच्या थेंबानेही सुरू व्हायचा. मी पातेल्याकडे बघत उभी राहिले आणि माझ्या नकळत सॅक्सोफोनची वाट बघायला लागले.

तो आला नाही.

पाऊस वाजत होता. चहाला उकळी फुटत होती. मी मान वर केली. सगळं घर कान देऊन उभं असल्यासारखं गप्प. आणि मग, माझ्या पायाखालून, दोन मजले खालून, एक बारीक आवाज.

“रे.”

मी आजवर हे कोणाला पुरतं समजावू शकलेले नाही. त्या क्षणी मी एका माणसाला मदत करायला निघाले नव्हते. गाण्यातली कापून टाकलेली जागा ऐकू आल्यासारखं वाटलं मला. टेपच्या पलीकडचं. आणि तरी मी जिना उतरत होते.

तळघराचं दार पूर्ण उघडं होतं. मी बटण दाबलं, दिवा लागला नाही. आतून ओल्या मातीचा वास आणि पाण्याचा डुबुक डुबुक आवाज.

“मावशी?”

खालून पुन्हा, “रे, दार उघड.”

दार उघडंच होतं. त्या दारातच मी उभी होते. फोनचा टॉर्च लावायला गेले आणि फोन हातातून निसटून जिन्याच्या पायऱ्यांवर आपटत कुठेतरी थांबला. मी कठडा धरून उतरायला लागले. एकेक पायरी चाचपत. शेवटी पाऊल पाण्यात गेलं, बर्फासारखं गार, घोट्यापर्यंत. दुसरं पाऊल टाकलं आणि अंधारातून एका हाताने माझा घोटा धरला.

मी ओरडले नाही. तोंड उघडलं होतं, त्यातून काही बाहेर आलं नाही. त्या हाताची पकड इतकी घट्ट होती की बोटांचे वळ दोन दिवस राहिले.

मग मी खाली बसले, पाण्यातच. चाचपडत तिचा खांदा सापडला, तिचे बारीक केस सापडले. “मावशी, मी प्रज्ञा. दार उघडं आहे. बघ वर, उजेड दिसतोय.” आणि खरंच, वर स्वयंपाकघराच्या खिडकीतला राखाडी उजेड दाराच्या चौकटीएवढा दिसत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. हळूहळू तिचा श्वास माणसासारखा झाला. म्हणाली, “पाणी शिरलं होतं गं. त्याची गिटार जमिनीवर होती. तू कामावर आहेस असं वाटलं मला.”

ती त्याच्या गिटारीसाठी उतरली होती. साठेक वर्षांत पहिल्यांदा. मधल्या पायरीवर असताना दिवा गेला आणि पाय घसरला.

फोन तिसऱ्या पायरीवर सापडला, चालू होता. मी नाइन वन वन लावला, पत्ता सांगितला. पलीकडची मुलगी शांत आवाजात विचारत होती, पेशंट शुद्धीवर आहे का, तुम्ही सुरक्षित आहात का. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी मावशीचं डोकं मांडीवर घेऊन पाण्यात बसून राहिले. बाहेर, शेजारच्या पोर्चवर, सांगाडा पुन्हा किंचाळला आणि सॅक्सोफोन वाजला. मावशी माझ्या मांडीवर हसायला लागली. हसता हसता कण्हली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. शिकागोहून तिची मुलगी आली, नोकरीमुळे थोडेच दिवस राहू शकली. मावशी बरेच आठवडे रिहॅब सेंटरमध्ये होती आणि बर्फ पडायला लागल्यावर वॉकर घेऊन घरी आली. पुढच्या वर्षी प्रवीणला या बाजूला नोकरी मिळाली. त्याने कपडे धुवायचं मशीन वर स्वयंपाकघरात आणून बसवलं, गिटार भिंतीवर टांगली. तिचं लाकूड फुगलंय, ती आता वाजत नाही. माझ्या लॅबचं काम टिकलं, अजून टिकून आहे, पुढचं माहीत नाही. तळघरात आता फ्यूजसाठी प्रवीण जातो. तो आता हॉरर हाऊस म्हणत नाही, आणि खाली जाण्याआधी मला हाक मारून सांगतो. ऑक्टोबर आला की मावशी सकाळपासून रेडिओ मोठ्याने लावून ठेवते, बातम्या, हवामान, काहीही. मी दुकानातून आल्यावर गाणं सुरू झालं हे तिला सांगत नाही. ती विचारतही नाही. फक्त त्या संध्याकाळी जेवायला वर येते, किंवा आम्ही खाली जातो.

पण मला सांगायची आहे ती रिहॅबमधली एक दुपार. मी वरणभात घेऊन गेले होते. इथल्या जेवणाला चव नाही अशी तिची कुरकुर असायची आणि वरणावरचं तूप तिला फार आवडायचं. खाऊन झाल्यावर ती उशीला टेकली आणि म्हणाली, “एक विचारू? मी अंधारात तुझा पाय धरला. तू ओरडली नाहीस. कशी काय?”

मी म्हटलं, “आवाजच फुटला नाही.”

“माझाही फुटत नाही. पण माझं कारण मला माहीत आहे. तुझं काय?”

मी डबा पुसत राहिले. मग मला एक संध्याकाळ आठवली, जी मी प्रवीणलाही कधी सांगितली नव्हती, जिच्यावर आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही. मी तिला सांगायला लागले. सोप्या इंग्रजीत, अडखळत.

मी शाळेत नुकतीच जायला लागले होते. आईच्या माहेरी, वाशीमकडच्या एका खेड्यात, मामाचं लग्न होतं. मामाने वरात गावातल्या मोठ्या रस्त्याने नेली, वाजंत्री लावून. आमच्या लोकांची वरात त्या रस्त्याने, वाजत, आधी कधी गेली नव्हती. मी मामाच्या पुढे नाचत होते. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गावातली माणसं आमच्या वस्तीत आली.

“बँडवरून?” मावशीने विचारलं.

“बँडवरून.”

पत्र्यावर दगड पडायला लागले. आईने कंदील विझवला, मला ओढून धान्याच्या कोठीमागे नेलं. बाहेर शिव्या, काठ्या आपटल्याचे आवाज, दार हलत होतं. मी ओरडणार तेवढ्यात तोंडावर एक हात आला. लग्नघरातल्या हळदीचा वास होता त्या हाताला. इतका घट्ट दाबला होता की दात ओठांत रुतले. किती वेळ ते माहीत नाही. मग ती माणसं गेली. सकाळी मामाने चेपलेले पत्रे बदलले, बाया स्वयंपाकाला लागल्या. माझे ओठ सुजले होते, त्यावर कोणी काही विचारलं नाही.

कॉरिडॉरमधून कोणाची तरी व्हीलचेअर गेली.

“तो हात नसता,” तिने विचारलं, “तर तू कोणाला हाक मारली असतीस?”

असा विचार मी कधी केला नव्हता. उत्तर मात्र लगेच आलं.

“आईला.”

“कुठे होती ती तेव्हा?”

“हात तिचाच होता, मावशी.”

खिडकीच्या काचेवर पाऊस सरकत होता. तिने माझं मनगट धरलं.

“रेसारखंच,” ती म्हणाली. आणि मग, मनगट न सोडता, “नाही. रेसारखं नाही. ती तुझ्याबरोबर आत, अंधारात होती.”